मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को नेमकं किती किलोमीटर, आणि सांगलीतून घर ते घर किती तास?

भडंगवाला_सांगली

मंडळी एक प्रश्न आहे, हसू नका. धाकटा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोजवळ असतो, मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच त्याच्याकडं निघालेत, आणि आमचे बाबा म्हणजे एस्टीत ३१ वर्षं कंडक्टर, मिरज डेपोतनं रिटायर झालेले, त्यामुळं कुठंही जायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न किलोमीटर किती, दुसरा टप्पे किती आणि तिसरा गाडी पोचतीय कधी. एस्टीचा एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं आहे.

तर परवा मोबाईलवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर बघितलं. एका ठिकाणी ७,३०० च्या आसपास आलं, दुसरीकडं ८,४००, तिसरीकडं १३,५००. बाबा म्हणाले, एवढा फरक आमच्या वेबिलात, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदात, निघाला असता तर संध्याकाळपर्यंत सस्पेंड झालो असतो.

बरं १३,५०० धरलं, विमान ताशी ९०० नं जातंय म्हणतात, म्हणजे १५ तास झाले. पण भावानं तिकिटांचे तीन पर्याय पाठवलेत, एक दुबईवरनं, एक फ्रँकफर्टवरनं, एक सिंगापूरवरनं, आणि तिन्हीत २२ ते २५ तास दिसतायत. त्यात सिंगापूर तर उलट्या दिशेला! अमेरिका पश्चिमेला आणि हे पूर्वेला निघाले, म्हणजे पुण्याला जायचं म्हणून कोल्हापूरची गाडी धरल्यासारखं, असं बाबांचं मत आहे.

वर आणि दुबईवाल्या तिकिटावर बुधवारी पहाटे ४ ला मुंबईतनं सुटतंय आणि बुधवारीच दुपारी पावणेदोनला पोचतंय असं लिहिलंय. पावणेदहा तासात अमेरिका कशी येईल? आई खूश आहे, म्हणतीय बरं झालं, बेळगावच्या लग्नाला याच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

कुणीतरी नीट उलगडून सांगा, मला बाबांना उत्तर द्यायचंय आणि ते अर्धवट उत्तर घेत नाहीत.

शॉर्टकट_शेठ

गूगल करा की. दोन मिनिटांचं काम. प्रत्येक गोष्ट इथं कशाला.

भडंगवाला_सांगली

गूगलवरच तर तीन आकडे मिळालेत शेठ.

वाईचा_मास्तर

भडंगवाले, तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मापं वेगळी आहेत. ७,३०० हे सागरी मैल, विमान आणि जहाजवाले तेच वापरतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. ८,४०० हे आपले रस्त्यावरचे जुने मैल. आणि १३,५०० किलोमीटर. गुणाकार करून बघा, सगळं एकाच ठिकाणी येतं. बाबांसाठी: १३,५०० भागिले ६, म्हणजे २,२५० टप्पे.

आता दिशेचं. हा गोंधळ मी दरवर्षी वर्गात बघतो कारण भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या टोकाला असते, म्हणून सगळ्या पोरांना वाटतं की डावीकडंच जायचं. आमच्या शाळेत ३० सेंटीमीटरचा पृथ्वीगोल आहे, त्याचा वरचा स्क्रू पडलाय आणि तो रबरबँडवर चाललाय, पण काम देतो. मुंबईवर एका पोराला बोट ठेवायला सांगतो, सॅन फ्रान्सिस्कोवर दुसऱ्याला, आणि मधे शिवणाचा दोरा धरायचा. आधी पोरं दोरा अरबी समुद्रावरून आफ्रिका, अटलांटिक असा नकाशातल्यासारखा आडवा नेतात. मग मी म्हणतो, आता ओढा ताणून. ताणला की दोरा आपोआप सरकत सरकत वर उत्तरेला जातो, आणि शेवटी जिथं थांबतो ना तो रस्ता बघण्यासारखा असतो: राजस्थान, हिमाचल, हिमालय ओलांडून चीनचा पश्चिम भाग, मग सैबेरिया, मग थेट उत्तर ध्रुवाकडचा गोठलेला समुद्र, जवळजवळ ७७ अंश उत्तरेपर्यंत, तिथून अलास्कावरून खाली उतरत सॅन फ्रान्सिस्को. दोऱ्याची लांबी साधारण ३२ सेंटीमीटर भरते, आणि आडवा नेलेला दोरा त्यापेक्षा बारा-तेरा सेंटीमीटर जास्त लागतो. याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. तुमच्या साईटवरचे १३,५०० म्हणजे हा ताणलेला दोरा.

आणि बाबांना हेही सांगा की रेखावृत्तं मोजली तर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को पूर्वेकडून १६५ अंशांवर आहे आणि पश्चिमेकडून १९५. म्हणजे अमेरिकेचा हा किनारा आपल्याला पूर्वेकडूनच जवळचा आहे. सिंगापूरची गाडी उलटी नाही, फक्त वळसा मोठा घेते.

पावणेदहा तासांचं कोडं सोपं आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ ज्या त्या गावातली असते. मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागं असतं (थंडीत साडेतेरा, कारण ते लोक मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरात परत मागं घेतात). म्हणजे पावणेदहात साडेबारा मिळवा, सव्वाबावीस तास. आईंना हळूच सांगा.

विंगटिप_कराड

मास्तरांनी दोरा छान सांगितला पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही हेही सांगायला पाहिजे. मी काही पायलट नाही, कराडच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं बघत मोठा झालेला माणूस, पण या नादात बरंच वाचलंय.

पहिली अडचण हिमालय आणि तिबेट. डोंगरापेक्षा विमान उंच जातंच, प्रश्न तो नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला लगेच १०,००० फुटांच्या आसपास खाली यावं लागतं कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो, आणि तिबेटचं पठारच मुळात १४-१५ हजार फुटांवर. खाली यायचं तर कुठं यायचं? म्हणून तो पट्टा बहुतेक विमानं टाळतात.

दुसरं, हवाई हद्दी. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांसाठी हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना पश्चिमेकडं जाताना समुद्रावरनं वळसा आला. रशियानं २०२२ मध्ये युरोपच्या कंपन्यांना बंदी घातली. २३ जून २०२५ ला कतारनं काही तास हद्द बंद केली तर अर्ध्या जगाच्या कनेक्टिंग फ्लाईट लटकल्या. त्यामुळं आज बघितलेला रस्ता मे महिन्यात तसाच असेल असं धरून चालू नका.

तिसरं, दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेत लागतोच, त्याप्रमाणं रस्ता आखतात. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या बिघाडामुळं रशियात मगदानला उतरवावं लागलं होतं, लोक तिथं शाळेच्या हॉलात वगैरे झोपले होते. हे बाबांना सांगू नका.

आता तुमच्या तिन्ही पर्यायांचा ताणलेल्या दोऱ्यानं हिशोब, गोल आकड्यांत. मुंबई-दुबई १,९०० आणि पुढं १३,०००, म्हणजे १४,९००. गंमत म्हणजे दुबई-सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा उत्तर ध्रुवापासून जेमतेम २०० किमीवरून जातो. फ्रँकफर्टवरून ६,६०० अधिक ९,१००, झाले १५,७००. सिंगापूरवरून ३,९०० अधिक १३,६००, म्हणजे १७,५००. हवेतला वेळ बघितला तर दुबई साधारण १९ तास आणि फ्रँकफर्ट साडेवीस, आणि सिंगापूर? तेही साडेवीसच!

भडंगवाला_सांगली

थांबा, १,८०० किमी जास्त आणि वेळ तेवढाच? म्हणजे ३०० टप्पे फुकट? बाबा शेजारीच बसलेत, मी मोठ्यानं वाचतोय, ते म्हणाले यात घोळ आहे.

विंगटिप_कराड

घोळ नाही, वारा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी दीडशे-दोनशे किमी सहज, थंडीत अजून जास्त. सिंगापूरहून पूर्वेला पॅसिफिकवरून निघालेलं विमान त्या पट्ट्यात शिरून त्याच्या पाठीवर बसून जातं. विमान हवेत ९०० नंच चाललंय पण ती हवाच सरकतीय, म्हणून जमिनीच्या हिशोबानं हजाराच्या वर जातं. कृष्णेला पूर असताना नावाडी औदुंबरच्या घाटावरून खाली सोडेल आणि परत वर वल्हवत आणेल, दोन्हीला एकच वेळ लागेल का? तसंच.

म्हणूनच मुंबई-लंडनला जाताना पावणेदहा तास आणि येताना नऊच्या आसपास, असं टाईमटेबलातच छापलेलं असतं.

विश्रामबागची_काकू

मी चार वेळा जाऊन आलेय मुलीकडे, फ्रीमॉन्टला, म्हणजे त्याच विमानतळावर उतरावं लागतं. मला वारा-बिरा काही माहीत नव्हतं पण आमच्या ह्यांना प्रत्येक गोष्ट डायरीत लिहायची सवय, आणि आत्ता हे वाचून मी डायरी काढून बघितली तर खरंच की! सिंगापूरहून जाताना १४ तास ४५ मिनिटं आणि तेच येताना १७ तास १० मिनिटं. ह्यांनी शेजारी लिहिलंय, "येताना पायलट हळू चालवत होता." बिचारा पायलट.

आणखी एक मजा, सिंगापूरहून सकाळी सव्वानऊला निघालो आणि सॅन फ्रान्सिस्कोला टेकलो तेव्हा तिथं त्याच तारखेचे सकाळचे नऊ. पंधरा तास बसून पाय सुजले, दोनदा जेवले, आणि घड्याळ पंधरा मिनिटं मागेच! ते तारीख-रेषेमुळं होतं म्हणे. येताना मात्र पूर्ण एक दिवस गायब, माझा एक गुरुवारचा उपवास त्यात गेला, तो धरायचा का सोडायचा यावर आम्ही नणंदा-भावजया अजून भांडतो.

आता कामाचं सांगते. हवेतले तास कमी-जास्त झाल्यानं काही फरक पडत नाही हो, पहिल्या आठ तासांनंतर सगळं सारखंच वाटतं. फरक पडतो तो मधल्या थांब्यानं. दीड-दोन तासांचं कनेक्शन घेऊ नका, वयस्कर माणसांना तर अजिबात नाही. एकदा आमचं पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा पोचलं, आम्ही दोघं धावत पुढच्या गेटवर पोचलो पण बॅगा मागंच राहिल्या, दोन दिवसांनी आल्या, तोवर मुलीचे कपडे घालून बसले होते. तीन ते चार तास ठेवा, त्याहून जास्त झालं तर मग कंटाळा येतो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, म्हणजे पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय करणं त्यांच्यावर येतं.

सिंगापूर-दुबईला थांबलात तर अमेरिकेचं सगळं इमिग्रेशन शेवटी सॅन फ्रान्सिस्कोलाच होतं. पण भावानं उद्या अमेरिकेतच मधे उतरायचं तिकीट पाठवलं, शिकागो वगैरे, तर बॅगा तिथंच घेऊन, कस्टम करून परत जमा कराव्या लागतात. पहिल्या खेपेला ते नकोच.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. पाय धड असले तरी. भाषा, गेट, लिफ्ट, सगळं तो ढकलणारा मुलगा बघतो.

शॉर्टकट_शेठ

काकू हे पटलं नाही. धडधाकट लोक व्हीलचेअर घेतात म्हणून ज्याला खरंच चालता येत नाही तो ताटकळतो. माझ्या वडिलांना, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला, पाऊण तास बसवून ठेवलं होतं आणि समोरनं चार जण खुर्चीतनं उठून ड्युटी फ्रीमध्ये टकाटका चालत गेले.

विश्रामबागची_काकू

तुमचं खरं आहे हो. पण बहात्तर वर्षांचा माणूस, इंग्रजी येत नाही, पहिल्यांदा, आणि दीड किलोमीटर गेट. त्याला मी घे असंच सांगेन. ड्युटी फ्रीत चालत जाऊ नये एवढं मात्र बाबांना बजावून ठेवा.

आणि गोळ्या केबिनच्या पिशवीत ठेवायच्या, चिठ्ठीसकट. शुगर-बीपीची गोळी कुठल्या घड्याळाप्रमाणं घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून कागदावर लिहून न्या, कारण तिथं विमानात दिवस का रात्र काही कळत नाही. दर दोन तासांनी उठून फेरी मारायची, पाणी पीत राहायचं.

पेठनाका_ट्रॅव्हल्स

नमस्कार दादा. तुम्ही सगळे ध्रुव आणि सैबेरिया करायलाय, पण खरा प्रवास सांगली ते मुंबई हाय. मी चौदा वर्षं एअरपोर्टचं भाडं मारतोय. सांगलीतनं मुंबई एअरपोर्टचं टी-टू (टर्मिनल दोन) ३८५ ते ३९० किलोमीटर भरतंय, आणि लोक मॅपवर साडेसात तास बघून त्या हिशोबानं निघत्यात. आवो तो मॅपवाला चहाला थांबत न्हाय, आईंना बाथरूमला लागत न्हाय, खंबाटकीला कंटेनर आडवा होत न्हाय. माझा हिशोब नऊ तास. रविवारी संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडं जाणार असशीला तर दहा-अकरा, बोरघाटात गाड्या सुट्टी संपवून परतत असत्यात.

पहाटे ४ चं विमान म्हणजे रात्री साडेबाराला एअरपोर्टच्या आत पाहिजे. मी असलं भाडं दुपारी १ ला सांगलीतनं उचलतोय. रात्री १० ला पोचलो तर बसू की दोन-अडीच तास, डबा खाऊ. पण उशीर झाला तर काय? २०१९ च्या पुरात आम्ही हायवेवर अडकलो होतो, किणी टोलच्या अलीकडं, गिऱ्हाईकाचं दुबईचं विमान वर आभाळात आणि आम्ही खाली पाण्याकडं बघत. मे महिन्यात तसं काय न्हाय, पण वळवाचा पाऊस आला तर झाड पडतंय.

कोल्हापूरहून विमानानं मुंबई गाठायचं कुणीतरी सुचवंलच. टाईम जुळत असंल तर चांगलंय, तासाभरात उजळाईवाडी, म्हंजे कोल्हापूरचा एअरपोर्ट. पण ते तिकीट वेगळं काढलं आन् ते विमान लेट झालं की पुढचं थांबत न्हाय, काकूंनी सांगितलंच. मी असल्या दोन गिऱ्हाईकांना कोल्हापूरहून ऐनवेळी मुंबईला पळवलंय. एकाचं चुकलं.

वाईचा_मास्तर

हा मुद्दा लाख मोलाचा. भडंगवाले, हे घ्या घर ते घर गणित. मंगळवारी दुपारी १ ला सांगली सोडली. बुधवारी पहाटे ४ ला विमान. सव्वाबावीस तासांनी तिथं उतरले तेव्हा आपल्याकडं गुरुवार पहाटेचे सव्वादोन, तिथं बुधवार दुपारचे पावणेदोन. इमिग्रेशन, बॅगा, भावाच्या गाडीत बसून घर, पावणेतीन तास धरा. तिथं बुधवारी संध्याकाळी साडेचार, इथं गुरुवारी पहाटे ५. म्हणजे एकूण ४० तास. त्यातले हवेतले १९. बाकी २१ तासांत बसणं, थांबणं, रांगा आणि आपला हायवे.

शेजारीपाजारी मात्र म्हणणार, मंगळवारी दुपारी गेले आणि बुधवारी संध्याकाळी पोचलेसुद्धा, म्हणजे साडेसत्तावीस तास. त्यांना म्हणू द्या.

विंगटिप_कराड

मास्तर, एक आगाऊ आयडिया. जाताना सिंगापूरवरनं, येताना फ्रँकफर्टवरनं. दोन्ही वेळेला पूर्वेकडंच तोंड, म्हणजे वारा कायम पाठीशी, आणि घरी परत आले की पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा पूर्ण, ३३,२०० किमी. सांगलीच्या गणपतीनं आई-बापाला प्रदक्षिणा घालून काम भागवलं, इथं आई-बाप पोरापायी पृथ्वीला घालतील.

भडंगवाला_सांगली

विंगटिप, हे बाबांना वाचून दाखवलं आणि चूक केली. आता त्यांना प्रदक्षिणाच पाहिजे. भावानं बघितलं तर दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं घेतली की माणशी बरेच पैसे वाढतायत, त्यामुळं ते रद्द, त्यावर दोन दिवस अबोला झाला.

शेवटी दुबईवरनं ठरलं, मधे साडेतीन तासांचा थांबा, एकच तिकीट, व्हीलचेअर फक्त आईला सांगितलीय, बाबा म्हणाले मी मागनं चालतो, मला एस्टीत उभं राहायची सवय आहे. थांबा अर्ध्या तासानं वाढला म्हणून पोचायची वेळ सव्वादोन झालीय, बाबांनी मास्तरांच्या हिशोबात तेवढी दुरुस्ती करून घेतली. पेठनाकावाल्या दादांना मेसेज केलाय, दुपारी १ ऐवजी १२ ला निघायचं असा बाबांचा आदेश आहे.

जुन्या वहीच्या पानावर त्यांनी पेनानं तक्ता आखलाय. सांगली-मुंबई ६५ टप्पे, मुंबई-दुबई ३१७, दुबई-सॅन फ्रान्सिस्को २,१६७, खाली बेरीज, आणि प्रत्येकापुढं सुटायची वेळ, पोचायची वेळ, दोन्ही घड्याळांत. सवलतीच्या रकान्यात "ज्येष्ठ नागरिक – नाही" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. तो राग अजून गेलेला नाही.

काकू एक शेवटचं, अर्धा किलो भडंग चेक-इनमध्ये टाकू का केबिनमध्ये?

विश्रामबागची_काकू

केबिनमध्ये. चेक-इनमध्ये चुरा होतो. आणि तिथं विचारलं तर खाण्याचं आहे म्हणून सरळ सांगायचं, लपवायचं नाही. आंबे मात्र नेऊ नका, दारातच काढून टाकतात, आमच्या ह्यांनी चार नेले होते.

पेठनाका_ट्रॅव्हल्स

दादा मेसेज मिळाला. १२ ला गाडी दारात. थोडं भडंग गाडीतबी ठेवा.